स्वराच्या जागी असलेली रेघ

मराठी वाचणाऱ्या माणसाला भातखंडे स्वरलिपीतील चिन्हे शिकावयास अर्धा तास पुरतो, हे विधान आमच्या पेटीमास्तरांच्या तोंडून प्रथम ऐकले तेव्हा ते मला एखाद्या शिकवणीच्या जाहिरातीसारखे वाटले होते. परंतु त्याला त्यांनी लगेच जोडलेले पुढचे विधान, की उरलेले सहा महिने एका आडव्या रेघेला लागतात, हे मला त्या वेळी मुळीच कळले नाही, आणि ते कळेपर्यंत सहा महिन्यांहून बरेच अधिक महिने गेले. आज पन्नाशी ओलांडलेली माणसेही हौसेने पेटी, बासरी वा गळा घेऊन गाणे शिकावयास बसतात, बाजारातून एखादे बंदिशींचे पुस्तक आणतात, आणि पहिल्याच पानावरील ठिपके, रेघा, कंस व आकडे पाहून ते पुस्तक कपाटात ठेवून देतात. त्यांच्यासाठी हा लेख आहे. चिन्हांचे भय निराधार आहे, आणि ज्याचे भय बाळगावे अशी गोष्ट त्यांच्या लक्षातही आलेली नाही, एवढेच मला त्यांना सांगावयाचे आहे.

स्वर लिहून ठेवण्याची खटपट आपल्याकडे फार जुनी आहे. सामवेदाच्या पोथ्यांत ऋचांच्या अक्षरांवर आकडे घातलेले असतात. तमिळनाडूत पुदुक्कोट्टैजवळ कुडुमियानमलै येथे सातव्या शतकातील एका शिलालेखात स्वराक्षरांच्या ओळीच्या ओळी खडकावर कोरलेल्या आहेत. आणि तेराव्या शतकात आपल्या देवगिरीस, यादव राजा सिंघण याच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला, त्यात गीते स्वराक्षरांत मांडून दिली आहेत. हा शार्ङ्गदेव हुद्द्याने श्रीकरणाधिप, म्हणजे राज्याच्या हिशेबदप्तराचा मुख्य, होता. ज्याचा दिवस जमाखर्चाच्या रकान्यांत जात असे त्याला नाद रकान्यांत मांडावासा वाटला, यात मला तरी काही आश्चर्य वाटत नाही. कारण स्वरलिपी हा मुळात हिशेबच आहे, आणि तोही पैशांचा नसून काळाचा.

परंतु ग्रंथात लिहिणे निराळे आणि गाणाऱ्याने त्यावरून गाणे निराळे. घराण्यांतील विद्या मुखोद्गत चालत असे, बंदिश ही इनामाच्या सनदेसारखी वंशपरंपरागत मिळकत समजली जाई, आणि ती कागदावर उतरवून देणे म्हणजे तिजोरीची किल्ली वाटेवर ठेवणे होय, अशी उस्तादांची समजूत असे. मराठी रंगभूमीने यावर एक मोठी गमतीची तोड काढली होती. किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’पासून, म्हणजे १८८० पासून, पुढे कितीतरी वर्षे छापलेली संगीत नाटके उघडून पाहावीत: पदाच्या माथ्यावर राग व ताल दिलेला असतो, आणि त्यापुढे ‘चाल’ असे लिहून दुसऱ्याच एखाद्या प्रसिद्ध पदाचे पहिले दोन शब्द दिलेले असतात. ही देखील एक स्वरलिपीच होय. फक्त तिची वर्णमाला वाचकाच्या स्मरणात आहे. ज्याला ते मूळ पद येते त्याला नवे पद क्षणात येते. ज्याला येत नाही त्याला तो मजकूर मुका. कालांतराने झाले असे की अनेक ठिकाणी नवे पद लोकप्रिय होऊन राहिले आणि ज्याचा हवाला दिला ते जुने पद लोकांच्या कानांतून गेले, म्हणजे दस्तऐवज शाबूत असून साक्षीदारच मयत झाल्यासारखे झाले.

विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांचे कार्य या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे. वाळकेश्वरास जन्मलेले, पेशाने वकील, मुंबईच्या गायन उत्तेजक मंडळीत रावजीबुवा बेलबागकरांसारख्यांचे धृपद ऐकून व शिकून तयार झालेले हे गृहस्थ १९०४ मध्ये दक्षिणेत गेले, पुढे उत्तरेत हिंडले, ग्रंथालये धुंडाळली, रामपूरच्या वजीर खाँसारख्या उस्तादांच्या सहवासात राहिले, आणि जेथून जे मिळेल ते लिहून घेत गेले. ‘हिंदुस्थानी संगीतपद्धती’चे चार खंड त्यांनी मराठीत लिहिले, ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत हजाराहून अधिक रचना स्वरलिपीसह छापल्या. वकिलाच्या हातची लिपी जशी असावी तशीच ती आहे: चिन्हे कमीत कमी, प्रत्येकाचा अर्थ ठरलेला, आणि शक्य तेथे वाचकाला आधीच अवगत असलेल्या देवनागरी अक्षरांवर भागविलेली.

चिन्हांची कैफियत खरोखरच थोडक्यात सांगता येते. सा, रे, ग, म, प, ध, नी ही सात अक्षरे म्हणजे सात शुद्ध स्वर. रे, ग, ध, नी यांच्या पायाशी आडवी रेघ असली म्हणजे तो स्वर कोमल, आणि म च्या डोक्यावर उभी रेघ असली म्हणजे तो तीव्र. सा आणि प हे अचल असल्यामुळे त्यांना कसलेच चिन्ह नाही. स्वराखाली ठिपका असेल तर तो मंद्र, म्हणजे खालच्या, सप्तकातील, डोक्यावर असेल तर तार, म्हणजे वरच्या, सप्तकातील, आणि ठिपका नसेल तर मधल्या सप्तकातील. (डोक्यावरील हा ठिपका दिसावयास अनुस्वारासारखाच असल्यामुळे नवशिका विद्यार्थी तार षड्ज ‘सां’ असा नाकात म्हणतो, आणि वर्गात हशा पिकतो. तो हशा मीही भोगला आहे.) येथे एक गोष्ट मात्र ध्यानात धरावी, की हा ‘सा’ पेटीच्या कोणत्याही पट्टीवर बांधलेला नाही, कोणी पांढरी एकला सा मानील, कोणी काळी चारला, आणि एकदा तो मानला की उरलेले सहा आपापल्या अंतरावर उभे राहतात. पुस्तकातील बंदिश कोणत्या पट्टीत गावी, असे विचारणाऱ्यास उत्तर एकच: आपल्या गळ्यास मानवेल त्या.

येथवर अर्धा तास झाला असेल. आता काळाचा हिशेब.

स्वरलिपीचे पान म्हणजे तालाच्या मात्रांचे रकाने होत. त्रितालाच्या सोळा मात्रा, चार-चारांचे चार विभाग, विभागांमध्ये उभ्या रेघा. पहिल्या मात्रेखाली गुणिलेचे चिन्ह, म्हणजे सम, पाचवीखाली २, म्हणजे दुसरी टाळी, नववीखाली शून्य, म्हणजे खाली, जेथे टाळी न देता हात नुसता बाजूस फिरवावयाचा, तेरावीखाली ३. झपताल असेल तर दहा मात्रांचे विभाग दोन-तीन-दोन-तीन असे पडतील, एकताल असेल तर बारा मात्रांचे दोन-दोनांचे सहा. एका मात्रेच्या रकान्यात एकच अक्षर असेल तर तो स्वर पूर्ण मात्रेचा. दोन, तीन वा चार अक्षरे एकत्र येऊन त्यांच्या खाली चंद्रकोरीसारखी कमान असेल तर त्या सर्वांनी मिळून एका मात्रेत आपापला समान वाटा घ्यावयाचा. आणि एखाद्या रकान्यात अक्षरच नसून नुसती आडवी रेघ असेल तर मागचा स्वर तेवढी मात्रा पुढे चालू ठेवावयाचा. गीताच्या शब्दांच्या ओळीत याच कामासाठी अवग्रह वापरतात; ‘राम’ हा शब्द चार मात्रांवर पसरला असेल तर तो ‘रा ऽ म ऽ’ असा दिसेल.

हीच ती मास्तरांची रेघ. कोमल स्वराच्या पायाशी असते ती रेघ वेगळी. ती स्वराला चिकटलेली असते, डोळ्याला दिसते, हाताला पट्टी बदलावयास लावते. ही स्वराच्या जागी असते आणि करावयास काहीच सांगत नाही, म्हणूनच ती चुकते. उदाहरणासाठी भूप रागातील एक साधी ओळ येथे मांडतो. ती कोणत्याही पुस्तकातील नव्हे, केवळ वाचनाच्या सरावापुरती रचलेली आहे. भूपात म आणि नी वर्ज्य, उरलेले पाचही स्वर शुद्ध, त्यामुळे खालच्या-वरच्या रेघांची कटकट नाही. ओळ खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून, सुरू होते, जशा त्रितालातील कितीतरी बंदिशी होतात. चिन्हे येथे सोयीसाठी विभागाच्या आरंभीच लिहिली आहेत.

० ग रे ग प | ३ ध सां ध प | × ग – – रे | २ ग रे सा –

वाचकाने हे एकदा मोठ्याने म्हणून पाहावे. पहिल्या आठ मात्रांत कोणालाही अडचण येत नाही, कारण प्रत्येक मात्रेस एक अक्षर तयार आहे आणि जिभेला काम आहे. समेवरचा गंधारही बहुधा बरोबर पडतो. त्यानंतर मात्र दोन रेघा येतात, आणि तेथे शंभरातील नव्वद नवशिके एक रेघ गिळतात. त्यांचा रिषभ एक मात्रा आधी येतो, षड्ज एक मात्रा आधी येतो, आणि ओळ पुन्हा सुरू करताना तबलजी आठव्या मात्रेशी व गाणारा ओळीच्या आरंभाशी, अशी दोघांची फारकत होते. डोळा अक्षरे वाचतो, रिकामी जागा वाचत नाही, ही आपली जन्माची सवय. पुस्तक वाचताना दोन शब्दांमधील कोऱ्या कागदाला आपण वेळ देत नाही. स्वरलिपीत मात्र त्या कोऱ्या जागेलाही शब्दाइतकीच किंमत असते, आणि ही किंमत जोवर अंगात भिनत नाही तोवर वाचता येते असे म्हणता यावयाचे नाही.

यावर मास्तरांनी सांगितलेला उपाय इतका साधा होता की मी तो दोन महिने टाळला. ओळ प्रथम मुळीच गावयाची नाही. हाताने टाळी-खाली दाखवीत एक ते सोळा आकडे म्हणावयाचे. मग त्याच हाताच्या चालीवर स्वरांची नावे नुसती बोलावयाची, चढ-उतार न करता, हजेरी घेतल्यासारखी. आणि जेथे रेघ असेल तेथे मागच्या अक्षराचा स्वर लांबवून त्या मात्रेवर मानेने होकार द्यावयाचा. हे बिनचूक झाल्यावरच पेटी उघडावयाची, आणि शब्द सर्वांत शेवटी. बहुतेक लोक नेमके उलट करतात. शब्द ओळखीचे व गोड असतात म्हणून तेथून आरंभ करतात, मग पट्ट्या शोधतात, आणि ताल हा अखेरीस बसवावयाचा दागिना समजतात. आणखी एक गोष्ट अशी की पहिली स्वरलिपी वाचावयाची ती आपल्याला पाठ असलेल्या गाण्याची असावी. अनोळखी बंदिशीत चूक झाली तर कळणार कोणाला? ओळखीच्या चालीत कान स्वतःच पंचनामा करतो.

भातखंड्यांचे समकालीन, कुरुंदवाडास १८७२ मध्ये जन्मलेले, मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी शिकलेले आणि १९०१ मध्ये लाहोरास गांधर्व महाविद्यालय काढणारे विष्णु दिगंबर पलुसकर यांनीही आपली निराळी स्वरलिपी सिद्ध केली होती, हे येथे सांगितलेच पाहिजे, कारण तिची गाठ कधी ना कधी पडते आणि पडली म्हणजे घोटाळा होतो. पलुसकर लिपीत डोक्यावरील ठिपका तार सप्तकाचा नसून मंद्राचा आहे, आणि भातखंड्यांकडे जी डोक्यावरील उभी रेघ तीव्र मध्यम दाखविते ती येथे तार सप्तक दाखविते. सम येथे १ या आकड्याने आणि खाली अधिकाच्या चिन्हाने. काळाची मांडणी मात्र अधिक बारकाईची: पूर्ण मात्रा, अर्धी, पाव, प्रत्येकीला स्वराखाली स्वतंत्र चिन्ह, त्यामुळे रकान्यांवर अवलंबून राहावे लागत नाही. लेखनाच्या सूक्ष्मतेत ती लिपी सरस, वाचनाच्या सुलभतेत भातखंड्यांची; आणि दोन लिपींत सुलभ लिपी जिंकते, हा व्यवहाराचा नियमच असल्यामुळे आज विद्यार्थ्यांच्या वह्यांत बहुधा भातखंडे लिपीच आढळते. एकाच नावाचे दोन विष्णू, एकाच काळात, एकाच कार्याला लागलेले, आणि एकाचा ठिपका दुसऱ्याच्या उलट! जुनी पुस्तके हाती घेणाऱ्याने आधी हे पाहावे की आपण कोणत्या विष्णूच्या दारात उभे आहोत.

पाश्चात्त्यांच्या पाच रेघांच्या लिपीविषयी येथे विस्तार करण्याचे प्रयोजन नाही, तथापि तुलनेपुरते दोन शब्द लिहितो. अकराव्या शतकात इटलीतील आरेत्सोच्या ग्वीदो नावाच्या साधूने रेघांवर स्वर बसविण्याची रीत रूढ केली, त्याच रोपट्याचा हा वृक्ष. तीत स्वराची उंची जागेवरून आणि काळ स्वराच्या आकृतीवरून समजतो: पोकळ वर्तुळ, दांडीचे वर्तुळ, भरीव वर्तुळ, झेंडा लावलेले वर्तुळ, अशी क्रमाने निम्मी-निम्मी होत जाणारी मापे; आणि त्यातील स्वर आपल्या ‘सा’सारखा फिरता नसून विशिष्ट पट्टीशी बांधलेला असतो. पन्नास वादकांनी एकाच क्षणी निरनिराळे वाजवावयाचे असेल तर अशीच लिपी हवी. गोव्यातील ख्रिस्ती देवळांच्या शाळांत मेस्त्री, म्हणजे संगीतशिक्षक, मुलांना ही लिपी आणि व्हायोलिन एकदमच शिकवीत, आणि त्या शाळांतून तयार झालेल्या वादकांनीच पुढे मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद उभे केले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशन यांच्या गीतांची वाद्यरचना करणारे सेबास्टियन डिसोझा, ही त्यांतील मान्यवर नावे. संगीतकार पेटीवर चाल सांगे, कोणी साहाय्यक ती देवनागरी सरगमात टिपून घेई, आणि मग ती पाच रेघांवर चढून व्हायोलिनवाल्यांपुढे जाई. एकाच गाण्याचे दोन दस्तऐवज, एक मूळ व एक तर्जुमा, दोन्ही एकाच खोलीत, आणि पुष्कळदा एका कागदाच्या वाचकाला दुसरा कागद वाचता येत नसे.

आता एक आक्षेप उरतो आणि तो उस्तादांचाच आहे: गाणे कागदावर येत नाही. तो सोळा आणे खरा आहे, आणि भातखंड्यांनाही तो ठाऊक असला पाहिजे. दरबारी कानड्यातील गंधार घ्या. लिपीत तो पायाशी रेघ असलेला एक ‘ग’ आहे. गळ्यात तो रिषभाच्या अंगाने हळूहळू झुलत असतो, आणि तो झुलला नाही तर दरबारी उभाच राहत नाही. लिपीत मींडेसाठी, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकण्यासाठी, स्वरांवर कमान आहे, कणस्वरासाठी मुख्य स्वराच्या खांद्यावर लहान अक्षर आहे, परंतु मींड किती संथ, कण किती हलका, हे कोठले चिन्ह सांगणार? सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल आणि न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमेंट्स यांनी बावीस श्रुतींचा, म्हणजे सप्तकातील सूक्ष्म स्वरस्थानांचा, मोठ्या निष्ठेने शोध घेतला आणि श्रुतींची पेटीसुद्धा करवून घेतली. तरी श्रुती मोजणारा कागद रोजच्या तालमीत कोणी वापरला नाही. कंसाचे चिन्ह तर या बाबतीत फारच बोलके आहे. (प) असे कंसात लिहिले म्हणजे वरचा स्वर, तोच स्वर, खालचा स्वर आणि पुन्हा तोच, असे चारही झटक्यात घ्यावयाचे, म्हणजे ‘धपमप’. पण हाच कंस भूपात आला तर? तेथे मध्यम वर्ज्य. म्हणून तेथे ‘धपगप’ म्हणावे लागेल. म्हणजे चिन्ह एक, वाचन दोन, आणि कोणते करावयाचे हे कागद सांगत नाही, राग सांगतो.

ज्यांनी मोडी कागद वाचले आहेत त्यांना याचे काहीच नवल वाटणार नाही. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, शब्द तोडलेले नसतात, आणि वाचणाऱ्याला गाव, घराणे, प्रकरण यांची माहिती असेल तरच ‘दिन’ आहे की ‘दीन’ हे लागते. तरीही पेशवाईचे सारे दप्तर मोडीत चालले, कारण लिहिणारा आणि वाचणारा एकाच व्यवहारातले होते. स्वरलिपी ही अशाच अर्थाने मोडी आहे. जो राग पुरेसा ऐकलेला आहे त्याची बंदिश तीवरून जिवंत होते. जो राग कानांवरून गेलेलाच नाही त्याची लिपी वाचून जे निघते ते अक्षरशः बरोबर आणि तरीही परके असते. म्हणून पुस्तक उघडण्यापूर्वी त्या रागाचे तासभर तरी गाणे ऐकावे, आणि वाचताना ते कानांत असू द्यावे.

आमच्या मास्तरांच्या निधनानंतर त्यांच्या चौकड्यांच्या तीन वह्या माझ्याकडे आल्या. त्यांतील एकीत यमनची एक बंदिश आहे, जी मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. मास्तरांचे अक्षर सुरेख, ठिपके टाचणीच्या टोकाएवढे, रेघा पट्टीने आखाव्यात तशा. मी ती चार दिवस बसून काढली. सम चुकली नाही, एकही मात्रा गिळली नाही, समेवरच्या गंधारानंतरच्या तिन्ही रेघा मानेने मोजून पुऱ्या केल्या, आणि मोठ्या समाधानाने ती मास्तरांच्या एका जुन्या शिष्याला, जे वयाने माझ्याहून पुष्कळ वडील आहेत, त्यांना म्हणून दाखविली. त्यांनी डोळे मिटून ऐकले, ओळ संपल्यावर वही मागून घेतली, चष्मा लावला, आणि त्या तीन रेघांवर बोट ठेवून म्हणाले, “हिशेब चोख आहे तुझा. पण बापू, मास्तर इथे थांबत नसत.” मग त्यांनी हाताने त्रिताल धरला आणि तोच गंधार लावला. पहिल्या रेघेवर तो होता तेथेच होता. दुसरीवर किंचित सैल झाला. तिसरीवर, कोणत्याही क्षणी बोट ठेवता येऊ नये अशा बेताने, रिषभाकडे निघाला होता. कागदावर त्या तीन रेघा एकसारख्याच आहेत. मी त्यांना पुन्हा म्हणावयास सांगितले, आणि वही मिटून ठेवली.